आयटीआय की दुकान?

दहावीचा निकाल लागला की मोडनिंबमध्ये माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. पोरगं दाराशीच घुटमळतं आणि बाप विचारतो, ‘‘दादा, ह्याला आयटीआयला घालू का तुमच्याच हाताखाली ठेवू?’’ त्या प्रश्नामागं हिशेब असतो. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. तेवढ्या काळात दुकानात बसलेला पोरगा मिक्सर, चार्जर, टीव्ही खोलायला लागतो आणि घरी चार पैसे नेतो. ऊस-डाळिंबाच्या जिवावर चालणाऱ्या घरात दोन वर्षं ही लहान गोष्ट नव्हे.

दुकान जे शिकवतं ते वर्गात मिळत नाही, हे मी आधीच सांगतो. आमच्या टेबलावर सिरीज बोर्ड आहे, त्यात शंभर वॅटचा पिवळा बल्ब. बंद पडलेला सप्लाय थेट लाइटला लावायचा नाही, आधी बल्बमधून लावायचा. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर मेन कॅपॅसिटर भरला, पुढं जायला हरकत नाही. लख्ख पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, बहुतेक वेळा ब्रिजचा डायोड नाहीतर मॉसफेट. हे बघून-बघून आठवड्यात येतं. ड्राय सोल्डर नजरेला पडणं, गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून बिघाड ओळखणं, काम घेण्याआधी खर्चाचा अंदाज सांगणं, हे सगळं टेबलापाशीच मुरतं.

पण त्याच कॅपॅसिटरवर मीटर लावला की ३२५ व्होल्ट डीसी दिसतात. घरात येतात २३०, मग हे जादा कुठून आले? बहुतेक दुकानांत उत्तर मिळतं, ‘‘तिथं तेवढेच असतात.’’ आयटीआयत कारण सांगतात: २३० हा आरएमएस आकडा, लाटेचं शिखर त्याच्या १.४१४ पट, आणि कॅपॅसिटर शिखरापर्यंत भरतो. नुसतं पाठांतर वाटेल, पण आमच्याकडं रानातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज कधीकधी १७० वर येतं. तेव्हा त्या जागी २४० दिसणारच. ज्याला कारण ठाऊक नाही तो ‘कॅपॅसिटर उतरला’ म्हणून चांगला माल काढून टाकतो. गिऱ्हाइकाचे पैसे जातात आणि बिघाड जागच्या जागी राहतो.

मला शिक्षणाची खरी किंमत काट्यांनी पटवली. इलेक्ट्रॉनिक वजनकाटा शून्यावर येत नाही, आकडा सरकत राहतो, अशी तक्रार घेऊन व्यापारी येतात. सवयीचा कारागीर कार्ड बदलतो. शिकलेला आधी लोडसेलच्या चार तारा मोजतो. साधारणपणे लाल-काळीवर सप्लाय असतो, समजा ५ व्होल्ट, आणि हिरव्या-पांढरीवर सिग्नल. पट्टीवर चिकटवलेल्या चार स्ट्रेनगेजचा तो व्हीटस्टन ब्रिज असतो. व्होल्टामागं २ मिलिव्होल्टचा सेल असेल, तर पूर्ण वजन ठेवल्यावरसुद्धा सिग्नल जेमतेम १० मिलिव्होल्ट. परात रिकामी असताना तो शून्याच्या आसपास पाहिजे. रिकाम्यालाच तीन-चार मिलिव्होल्ट दिसले, तर कुणीतरी वरून पोतं आदळलंय आणि आतली पट्टी कायमची वाकली आहे, असं समजायचं. मग कितीही कार्डं बदला. ही गोष्ट मला कुणी करून दाखवली नव्हती. ब्रिज शिकलो होतो म्हणून ती माझी मला सापडली. कोर्सची माझी कसोटी हीच आहे: कुणी न दाखवलेला बिघाड त्याच्या जोरावर सापडतो का?

काट्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणं दुरुस्तीला परवाना लागतो आणि दुरुस्त काट्याचं पुन्हा पासिंग करून घ्यावं लागतं. मी परवाना काढला. शेतकऱ्याचा माल ज्या आकड्यावर विकला जातो, त्या आकड्याला हात घालणाऱ्यानं जबाबदारी कागदावर घ्यायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

आयटीआयची शिल्पकारागीर योजना १९५० ची, शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. वर्गाबरोबर कामाची जागाही हवी, हे तेव्हाच्या लोकांना कळलेलं होतं. शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथं पोरं गावाची प्रत्यक्ष कामं करत शिकतात. मला ती वाट सगळ्यांत सरळ वाटते. महिन्याभरात मोबाइल रिपेअरिंग शिकवून सर्टिफिकेट देणाऱ्या क्लासला मात्र पैसे घालू नयेत. तिथं डिस्प्ले आणि बॅटरी बदलायला शिकवतात, तेवढं कुठल्याही चांगल्या दुकानात फुकट शिकता येतं.

म्हणून त्या बापाला मी म्हणतो, फॉर्म भरा आणि रविवारी, सुट्टीत पोराला इथं पाठवा. वर्गात ओहमचा नियम झाला की त्याच आठवड्यात तो हाताखालून जायला हवा. नुसता आयटीआय झालेला पोरगा पहिल्या गिऱ्हाइकापुढं गांगरतो. नुसता दुकानात वाढलेला पोरगा पाच-सात वर्षं जोरात चालतो, आणि नवं मॉडेल आलं की सर्किटचा नकाशा समोर असूनही त्याला तो वाचता येत नाही. आता स्वस्तातल्या टीव्हीचं सगळं काम एकाच बोर्डात आलंय. अख्खं बोर्ड बदलायचं तर गिऱ्हाईक नवा टीव्हीच घेतं, आणि पोट भरतं ते बोर्डावरचा नेमका एक भाग शोधणाऱ्याचं.

तिशी ओलांडलेला, पोरंबाळं असलेला मिस्त्री विचारायला आला तर माझं उत्तर बदलतं. त्यानं धंदा बंद करून दोन वर्षं बाकावर बसू नये. त्याच्या हाताला सगळं येतं, त्यामागचं कारण तेवढं राहिलंय. त्याच्यासाठी मी आयटीआयची थिअरीची पुस्तकं दुकानात ठेवली आहेत. बाजाराचा दिवस सोडून कधीही संध्याकाळी यावं, शटर अर्धं ओढून आम्ही बसतो. फी नाही. येताना स्वतःचा मीटर आणि चालू असलेलं एखादं अडलेलं काम आणायचं, एवढीच अट.