पकड

राणीखेतचा, म्हणजे कोंबड्यांच्या मानमोडीचा, विषाणू भिंगाखाली दिसत नाही. दिसते ती त्याची पकड. ९६ खळग्यांच्या ताटलीत नमुना निम्म्या-निम्म्याने पातळ करत न्यायचा, वर कोंबडीच्या धुतलेल्या तांबड्या पेशी सोडायच्या आणि अर्धा-पाऊण तास ताटलीला धक्का लागू द्यायचा नाही. विषाणू नसेल तर पेशी घरंगळून तळाशी लाल टिकली उमटते, ताटली तिरकी केली की ओघळते. विषाणू असेल तर तो पेशींना एकमेकींशी बांधतो आणि खळगाभर फिकट जाळं पसरतं. १९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांना फ्लूच्या विषाणूत हे आढळलं; आमची चाचणी तिथून आली.

पेशीच्या आवरणावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांच्या टोकाला सायलिक आम्ल. विषाणूचं एचएन प्रथिन नेमकं तेच धरतं. गंमत म्हणजे ते कापतंही तेच. ताटली उबेला जास्त वेळ राहिली की जाळं सुटतं आणि पेशी खाली बसतात. म्हणून नव्या मुलांना मी आधी घड्याळ लावायला शिकवतो. श्वासनळीतल्या शेंबडातही हेच आम्ल असतं. सोडता आलं नसतं, तर विषाणू तिथेच अडकला असता. लस लागू झालेल्या कोंबडीची प्रतिपिंडं एचएनवर बसली, की पकडच होत नाही आणि टिकली परत उमटते.

पुण्यात महात्मा फुले मंडईच्या १८८६च्या दगडी इमारतीबाहेर मुळशीकडच्या एक मावशी भाजी घेऊन बसतात. घरी गावरान कोंबड्या. त्यांनी एकदा विचारलं, "डॉक्टर, लसपण मानमोडीचीच म्हणता, मग तिनं कोंबडी मरत कशी नाही?"

इतका नेमका प्रश्न मला विद्यार्थ्यांनीही क्वचितच विचारलाय. लसीतला लासोटा हा सौम्य विषाणूही तेच आम्ल धरतो. माझ्या ताटलीत दोघांचं जाळं सारखंच. फरक आहे एफ या दुसऱ्या प्रथिनात. ते कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. लासोटाचं एफ कापणारी विकरं मुख्यतः श्वासमार्गात आणि आतड्यात असतात. मारक जातीचं एफ फ्युरिन हे विकर कापतं, आणि फ्युरिन जवळजवळ सगळ्या पेशींत. मग विषाणू मेंदूपर्यंत जातो, मान वाकडी होते.

"म्हणून पिल्लांच्या डोळ्यात थेंब टाकायचा होय?"

"होय मावशी. डोळ्यातून तो नाकात उतरतो, तिथेच थोडा वाढतो आणि तिथेच प्रतिकार तयार होतो. पहिल्या आठवड्यात टाका. बाटली बर्फात न्या, उन्हं चढायच्या आत संपवा."