बंद दारांचा सण

सण म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें आधीं रस्ता उभा राहतो. गणपति घरांत बसला तरी यावयाचा तो रस्त्यानें मिरवीत आणि जावयाचाहि रस्त्यानेंच. दिवाळींतला आकाशकंदील टांगावयाचा तो बाहेर, रांगोळी काढावयाची ती उंबऱ्याबाहेर, आणि फटाके तर शेजाऱ्यांची झोप मोडल्याखेरीज उडाल्यासारखे वाटतच नाहींत. सण आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आपल्याकडे कोणास विचारावें लागत नाहीं. पायांत चपला सरकवून कोपऱ्यापर्यंत गेलें म्हणजे झालें. सणाची ही कल्पना मनांत बाळगून जो कोणी लंडन शहरांत २५ डिसेंबरच्या सकाळीं नाताळ पाहावयास बाहेर पडतो, त्याच्या पदरीं काय पडतें हें मी पुष्कळ वर्षें पाहत आलों आहें.

त्याला दिसतो तो रिकामा रस्ता. आदल्या दिवसापर्यंत रीजंट स्ट्रीटवर माथ्यावर दिव्यांची झगमग आणि खालीं पाय ठेवावयास जागा नाहीं, अशी स्थिति असते. आणि दुसऱ्या दिवशीं सारें शहर जणूं गांव सोडून गेलेलें! भुयारी गाडी बंद, बस बंद, आगगाडी बंद. मोठ्या दुकानांना तर कायद्यानेंच मनाई आहे: २००४ सालच्या कायद्याप्रमाणें इंग्लंड व वेल्समध्यें २८० चौरस मीटरांहून मोठें दुकान त्या दिवशीं उघडतां येत नाहीं. चार वाजण्यापूर्वींच सूर्य मावळतो. साताऱ्याकडचा एक विद्यार्थी पहिल्याच वर्षीं असा दोन तास हिंडून खोलीवर परतला. आईनें दूरध्वनीवरून विचारलें, "काय रे, तिकडचा नाताळ कसा काय आहे?" तो म्हणाला, "आई, इथं संचारबंदी लागली आहे."

वास्तविक त्याच वेळीं त्या रस्त्यावरच्या खिडक्यांआड सण ऐन रंगांत आलेला होता. इंग्रजांचा नाताळ हा बंद दारांचा सण आहे. तो बाहेरून पाहतां येत नाहीं. आंतून कोणीं तरी दार उघडावें लागतें.

म्हणून मी आणि माझी पत्नी दरवर्षीं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत परदेशांतून नव्यानें आलेल्या दहाबारा मंडळींना चहाला बोलावतों. त्यांत आपलीं मराठी मुलें असतात, तसेच चिनी, इराणी, आफ्रिकेंतलेहि लोक असतात. चहा नांवाचा, खरी ती नाताळाची शिकवणी. सौ.ची शिकवणी प्रथम, कारण तिच्या मतें पोट हें संस्कृतीच्या आधीं येतें: दूध, पाव, तांदूळ आणि लागत असतील तर औषधें २४ तारखेच्या दुपारपूर्वीं घरांत आणून ठेवा. मग मी इतिहास सांगूं लागतों. सौ. त्याच वेळीं स्वयंपाकघरांत जाते, हा केवळ योगायोग नव्हे.

इतिहास सांगण्यांत माझा एक हेतु असतो. परक्या घरच्या समारंभांत शिरतांना माणूस बुजतो, तो मुख्यतः अशा समजुतीनें कीं हें सारें पिढ्यान्‌पिढ्या असेंच चालत आलेलें आहे आणि उपरे काय ते आपणच. तसें तें नाहीं. १६४७ सालीं कर्मठ प्युरिटनांचें प्राबल्य असलेल्या इंग्लंडच्या पार्लमेंटनें हा सणच रद्द केला होता. शेजारच्या स्कॉटलंडांत २५ डिसेंबर ही सार्वजनिक सुटी झाली ती १९५८ सालीं! दिवाणखान्यांतलें सूचिपर्णी झाड मूळचें जर्मनीचें. राणी व्हिक्टोरिया व तिचा जर्मन पति आल्बर्ट मुलांसह त्या झाडाभोंवतीं उभीं आहेत असें चित्र १८४८ मध्यें एका सचित्र साप्ताहिकांत छापून आलें, आणि मध्यमवर्गानें तें झाड उचललें. नाताळाचें छापील शुभेच्छापत्र १८४३ चें, आणि डिकन्सचें 'ए ख्रिसमस कॅरल' हें पुस्तकहि त्याच वर्षाच्या डिसेंबरांतलें. ताटांतला टर्की पक्षी अमेरिकेचा. पुडिंगांतलीं जायफळ, लवंग, दालचिनी कोणत्या दिशेनें आलीं हें आपल्या माणसास सांगावयास नको. ट्रॅफल्गर चौकांतलें झाड तर १९४७ पासून दरवर्षीं नॉर्वेहून येतें, दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटननें केलेल्या मदतीची आठवण म्हणून. इतके परके ज्या सणांत सुखानें नांदत आहेत, त्यांत आणखी एकानें खुर्ची ओढून बसावयास हरकत कसली?

पण खुर्चीपर्यंत पोंचणें हीच अडचण. "एकदां या कीं घरीं" असें इंग्रज म्हणाला म्हणजे तें आमंत्रण नव्हे. तो नुसता नमस्कार समजावा. दिवस आणि वेळ सांगितली म्हणजे तें आमंत्रण. आणि तें मिळाल्यावर मग "बघूं, जमलं तर येतों" हें आपलें ठेवणींतलें उत्तर चालत नाहीं. तेथें बटाटे माणशीं मोजून भाजतात. भेटवस्तु मिळाली तर आपण ती संकोचानें बाजूला ठेवतों. तेथें ती देणाऱ्यासमोर उघडावयाची असते, नाहीं तर त्याला वाटतें कीं आवडली नाहीं. पुण्याच्या एका मुलीला तिच्या प्राध्यापकांनीं नाताळाचें कार्ड पाठविलें. आंत छापील शुभेच्छा आणि खालीं नुसती सही. ओळभर मजकूर तरी कोठें असेल म्हणून तिनें तें पाठपोट पाहिलें, आणि बाई आपल्यावर रागावल्या आहेत असें ठरविलें. नुसती सही हाच तेथील रिवाज आहे हें तिला पटवितांना मला पुरेवाट झाली.

शाकाहारी मंडळींना मी थोडें जास्त सांगतों. मिन्स पाय या पदार्थाच्या नांवांतच खिमा आहे, आणि एके काळीं आंतहि तो असे. आज मात्र त्यांत मनुका, सफरचंद, साखर आणि मसाला असतो. हें ऐकून कोणी सुटकेचा निश्वास टाकतो, पण जरा घाईनें. कारण त्या सारणांत आणि पुडिंगांतहि जुन्या रीतीप्रमाणें गुरांची चरबी घालतात. वनस्पतिजन्य चरबीचे प्रकारहि आतां मिळतात, तेव्हां चार दिवस आधीं सरळ विचारावें. भिडेनें न विचारणें आणि मग बशींत तुकडा तसाच ठेवून उठणें, हेंच यजमानीणबाईंना अधिक लागतें.

मग कोणी तरी हळूच विचारतो, "चर्चमध्यें गेलं तर चालेल का?" या एका प्रश्नांत दोन प्रश्न असतात: ते येऊं देतील का, आणि आपण बाटणार तर नाहीं ना. पहिल्याचें उत्तर सोपें आहे. मागच्या बाकावर बसावें, सारे उभे राहिले म्हणजे उभें राहावें, आणि पवित्र भाकर घेण्यास लोक पुढें जाऊं लागले कीं आपण जागीं बसून राहिलें तरी कोणी मनांत कांहीं आणीत नाहीं. दुसऱ्याचें उत्तर ज्याचें त्यानें द्यावें. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजांत १९१८ पासून २४ डिसेंबरला नऊ पाठांची व गीतांची उपासना होत आली आहे. ती मी रेडिओवर ऐकतों, आणि पहिलें कडवें एकटा मुलगा गाऊं लागला कीं माझ्या हातांतलें काम थांबतें. तेवढ्यानें माझी एकादशी मोडलेली नाहीं. शिवाय आपण मराठी माणसें याबाबत अगदींच कोरीं नाहीं. 'नाताळ' हा आपला शब्दच पोर्तुगीजांकडून आलेला, जन्माचा सण असा त्याचा अर्थ. गोव्यांत नाताळाच्या गोडधोडाचें, कुसवाराचें, ताट हिंदु शेजाऱ्याकडे जातें, आणि त्यांत करंजीची सख्खी बहीण नेवरी असते.

खरा हिरमोड होतो तो आधींच ख्रिस्ती असलेल्या पाहुण्यांचा. लागोसहून आलेली एक मुलगी म्हणाली, "यांनीं सण ठेवला आणि जन्म कुणाचा तें विसरले." मत थोडें कडक आहे, पण खोटें म्हणवत नाहीं. इथियोपियाच्या एका गृहस्थांचा नाताळ ७ जानेवारीचा. तोंवर लंडनकरांनीं आपलीं झाडें फुटपाथवर आणून टाकलेलीं असतात!

असो. या सर्व शिकवणीवर पाणी पाडणारें वाक्य मला एका यवतमाळच्या विद्यार्थ्यानें ऐकविलें. त्याच्यासाठीं एक घर पाहूं का, असें मीं विचारलें तेव्हां तो म्हणाला, "मला कुणाच्या दयेचं जेवण नको." त्याचा राग मला समजला. सुटींत एकटे राहणाऱ्या मुलांची यादी करावी आणि तीं घरोघर वांटून द्यावीं, यांत हेतु कितीहि चांगला असला तरी अनाथाश्रमाचा वास येतोच. त्याचे पणजोबा वार लावून जेवून शिकलेले होते. त्या जेवणाच्या गोष्टी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तेथला मुलगा "आजचा वार कोणाकडे?" हा प्रश्न लंडनमध्यें ऐकून घेणार नाहीं.

त्याच सुमारास आमच्या गल्लींतल्या, ऐंशी ओलांडलेल्या एक बाई मला भेटल्या. यजमान वारलेले, मुलगा ऑस्ट्रेलियांत. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे क्रॅकर्सची पेटी आणून ठेवली आहे, पण क्रॅकर ओढायला दोन माणसं लागतात." क्रॅकर म्हणजे रंगीत कागदाची नळी, लंडनच्या टॉम स्मिथ नांवाच्या मिठाईवाल्यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काढलेली. दोघांनीं दोन टोकें धरून ओढलीं कीं फट्‌कन आवाज होतो आणि आंतून कागदी मुकुट, एकादें क्षुल्लक खेळणें आणि एक भिकार विनोद बाहेर पडतो. मुकुट डोक्यावर चढवावाच लागतो आणि विनोदावर कण्हावें लागतें. बाईंचें बोलणें मीं त्या मुलाला जसेंच्या तसें सांगितलें, पुढें एक अक्षरहि घातलें नाहीं. तो बराच वेळ गप्प बसला. मग त्यानें विचारलें, "किती मैल आहे?"

बस नव्हती, चार मैल चालत गेला. बाईंनीं त्याच्यासाठीं कठीण कवचाच्या फळांचा आणि पावाच्या चुऱ्याचा एक भाजलेला गोळा केला होता. त्याच्या मतें तो थालीपिठाचा इंग्रज मावसभाऊ. तीन वाजतां दोघांनीं मुकुट घालून राजाचें भाषण ऐकलें. पंचम जॉर्जनें १९३२ मध्यें रेडिओवरून सुरू केलेला हा प्रघात बाईंना चुकवून चालत नसे. भाषण संपतांच त्या खुर्चींत झोंपल्या. यानें भांडीं घांसलीं, आणि जागें झाल्यावर, कांचेचे पेले कोरडे केले नाहींत म्हणून बोलणीं खाल्लीं. पत्त्यांत तीन डाव हरला. पेटींत क्रॅकर सहा होते. ते सहाहि दोघांनीं मिळून ओढले. रात्रीं परततांना तो आमच्याकडे आला तो विनोदांच्या सहा चिठ्ठ्या घेऊन. पांच त्याला कळले होते. सहावा मलाहि कळला नाहीं.

पुढच्या वर्षीं डिसेंबर लागतांच त्यानें सौ.शीं अर्धा तास खल केला. चकली बाईंच्या दांतांना झेपणार नाहीं, चिवडा तिखट होईल, शंकरपाळे वाटेंत मोडतील. शेवटीं बेसनाचे लाडू ठरले.