सेसिलियाची आई

मांझोनींची ‘इ प्रोमेस्सी स्पोसी’ ही कादंबरी वाचताना मी हटकून चौतिसाव्या प्रकरणापाशी रेंगाळते. साल १६३०. मिलानमध्ये प्लेग. रेशमाच्या धंद्यातला खेड्यातला तरुण रेंझो, ताटातूट झालेल्या ल्युचियाला शोधत ओस गल्ल्यांतून निघालेला. एवढ्यात एका दारातून एक बाई येते. कडेवर नऊएक वर्षांची लेक, पांढऱ्या कपड्यांतली, केस नीट विंचरलेली, जणू सणाला निघालेली. पोर केव्हाच गेलेली आहे. प्रेतं उचलणारा हात पुढे करतो, तशी ती त्याला थांबवते. पैसे देते. हिच्या अंगावरचं काही काढू नका, अशीच मातीत ठेवा, म्हणते. मग लेकीला स्वतः गाडीत निजवते, आणि संध्याकाळी पुन्हा या, असंही सांगून ठेवते. घरात अजून एक धाकटी आहे, तिलाही प्लेगने गाठलंय.

रेंझो थबकतो, त्याच्याबरोबर कथानकही. या बाईला पुढे काही काम नाही. तिला नावसुद्धा नाही. नाव आहे ते लेकीला, कारण निरोप देताना आईने ते उच्चारलं.

कादंबरीतले साधू क्रिस्तोफोरोबाबा रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच जातात, तिथे मला १८९७ साली पुण्यात तशाच गेलेल्या सावित्रीबाई फुले आठवतात.

मिलानमध्ये आधी हा प्लेगच नव्हे, असं ठासून सांगणारे वैद्य होते. म्हाताऱ्या लुदोविको सेत्तालांनी खरं सांगितलं, तर जमाव त्यांच्याच अंगावर धावला. ११ जूनला संत कार्लोंच्या देहाची मिरवणूक निघाली, शहर लोटलं, आणि मृत्यू आणखी वाढले. तरी राग वळला तो भिंतींना विष फासल्याचा संशय घेतलेल्या माणसांवर. त्यांतल्या पियाझ्झा आणि न्हावी मोरा यांच्याकडून छळ करून कबुली घेतली, त्यांना हालहाल करून मारलं. मोराचं घर पाडून तिथे कलंकाचा स्तंभ उभारला. तो १७७८ साली पाडला गेला.

काळच तसा होता, ही सबब मांझोनींना मान्य नाही. छळाविरुद्ध लिहिणारे बेक्कारिया त्यांचे आजोबा, तरी नातू सगळा दोष कायद्यावर टाकत नाही. त्याच कायद्यांत राहून न्यायाधीशांना ही माणसं निरपराध दिसू शकली असती, असं तो खटल्याचे कागद उलगडून दाखवतो. १८४०पासून निघालेल्या सुधारित आवृत्तीला त्याने हा खटला मुद्दाम जोडला. पुष्कळ प्रतींत तो गाळलेला असतो. तशी प्रत मला अपुरी वाटते.