कुर्डुवाडीला माल उतरायचा

येडशी, जि. धाराशिव
ऑगस्ट 2025

प्रिय वसंता,

तुझं लांबलचक पत्र आणि सोबतचे ते रंगीबेरंगी तक्ते परवा पोराच्या मोबाइलवर वाचले. तुमची कंपनी दुसरीनं घेतली आणि दोन्हीकडची माणसं, कामं, संगणक, पगार एकत्र करायच्या कामावर नेमका तुलाच बसवला. निवृत्तीच्या तोंडावर हे झेंगट! वर मेलबर्नहून येडशीला विचारतोस, की तू बँकेत असताना यातून गेला आहेस, दोन शब्द सांग. वाचून हसू आलं. पण विचारलंस ते अगदीच काही चुकलं नाही. विलीनीकरणाच्या बाबतीत आपला मुलूख जुना जाणता आहे.

बार्शी लाईट आठवते ना? रामलिंगच्या घाटात ती धापा टाकायला लागली की आपण उतरून शेजारून चालायचो आणि तुझी आई खिडकीतून शिव्या घालायची. ती गाडी म्हणजे लंडनमध्ये 1895 साली नोंदवलेली एक खाजगी कंपनी होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनियरनं ती उभी केली. अडीच फुटी रूळ, आणि कुठल्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, हा त्याचा हिशेब. 1897 ला ती बार्शीपर्यंत आली, 1907 ला आपल्या गावावरून पुढं तडवळ्याला गेली आणि 1911 ला लातूरला पोचली. पुढं सरकारनं कंपनी विकत घेतली आणि 1 जानेवारी 1954 पासून ती मध्य रेल्वेत विलीन झाली. कागदावर तेवढ्यात सगळं आटोपलं. मालक बदलला, कंपनीचे लोक रेल्वेचे लोक झाले.

रूळ मात्र अडीच फुटीच राहिले. त्यामुळे लातूरकडून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि ब्रॉडगेजच्या वाघिणीत पुन्हा भरायचा. कंपनीच्या काळात हेच, सरकारच्या काळातही हेच. लातूर ते धाराशिव रुंद रूळ आले 2007 ला आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंत 2008 ला. मालकी एका रात्रीत एक झाली, रूळ एक व्हायला अर्धशतक लागलं. तुझ्या तक्त्यात 'पहिला दिवस' लाल रंगात मोठा काढलाय. तो तुमचा 1 जानेवारी 1954. कुर्डुवाडी कुठं येणार, ते काही मला त्यात सापडलं नाही.

म्हणजे रूळ लगेच बदलायला हवे होते, असं माझं म्हणणं नाही. तेवढा पैसा कुठून आणणार, आणि गाडी तर चालू होती. पण माल कुठं उतरवावा लागतो आणि हमाली कुणाच्या खिशातून जाते, हे पहिल्या दिवशीच ठाऊक पाहिजे. शिवाय रूळ बदलले तेव्हा वाटही बदलली. आधी धाराशिवच्या माणसाला गाडी धरायची तर येडशीला यावं लागायचं. आता गाडी जिल्ह्याच्या गावालाच थांबते. आपल्या स्टेशनाचा तो मान गेला. एकत्र येण्यात कुणाचं तरी स्टेशन धाकटं होतंच. ज्याचं होणार आहे त्याला ते आधी सांगावं, एवढीच अपेक्षा.

आता बँकांचं. हैदराबाद बँकेचं प्रकरण मी शेजारून पाहिलं, आणि खरं सांगतो, पूर्वतयारी म्हणून ते अभ्यासण्यासारखं आहे. निजामाच्या राज्यात 1941 साली स्थापन झालेली ही बँक तेव्हाचा उस्मानिया सिक्का सांभाळायची. 1956 ला ती रिझर्व्ह बँकेकडे आली, 1959 ला स्टेट बँकेची सहयोगी झाली आणि 1 एप्रिल 2017 ला इतर चार सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँकेसोबत स्टेट बँकेत विलीन झाली. मराठवाड्यात लोकांना वाटलं, एकदम झालं. एकदम कसलं! स्टेट बँक आणि तिच्या सहयोगी बँका कित्येक वर्षांपासून एकाच संगणकप्रणालीवर चालत होत्या. हैदराबाद बँकेची तर सगळी मालकी आधीपासून स्टेट बँकेचीच, त्यामुळे कुणाच्या किती शेअरला किती, ही घासाघीसही नव्हती. रूळ आधी जुळवले आणि मग पाटी बदलली, म्हणून गाडी घसरली नाही.

आणखी दोन गोष्टी बघ. जुन्या बँकांचे चेक पहिल्या दिवशी रद्द केले नाहीत. आधी सप्टेंबर 2017 पर्यंत चालतील म्हणाले, मग मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. प्रादेशिक आणि झोनल कचेऱ्यांनाही 1 एप्रिललाच कुलपं लागली नाहीत. त्या गुंडाळायला 24 एप्रिलपासून सुरुवात झाली, कारण मधे वर्षअखेरीचे हिशेब आणि ऑडिट होतं. जुनं आणि नवं काही दिवस शेजारी शेजारी चालू ठेवायचं, त्याचा खर्च सोसायचा आणि त्याची शेवटची तारीख आधीच जाहीर करायची. तुमच्या कंपनीत हा दुहेरी खर्च बघून हिशेबवाले नाक मुरडतील. मुरडू दे.

पण माणसांचे रूळ काही संगणकासारखे जुळत नाहीत. निवृत्तीचे लाभ स्टेट बँकेत तीन, सहयोगी बँकांत दोन. बढतीच्या यादीत कोण कुणाच्या वर, बदली कुठल्या राज्यात, हे प्रश्न कुणाच्याच डोक्यातून जाईनात. 29 जुलै 2016 ला देशभर बँकांचा संप झाला, त्यातला एक मोठा मुद्दा हे विलीनीकरणच होता. पुढं स्वेच्छानिवृत्तीची योजना आली तेव्हा सहयोगी बँकांतले 2,800 च्या वर लोक बाहेर पडले. पगाराचा बोजा कमी झाला, असं वरच्यांनी म्हटलं असेल. मी म्हणेन, कुठलं खातं कुणाच्या घरातलं आहे ते तोंडपाठ असलेली माणसं गेली. ही गोष्ट कुठल्याच तक्त्यात बसत नाही.

आमच्या स्वतःच्या बँकेचं सांगतो, नाव तुला ठाऊक आहे. आमची तारीख ठरली, हार-तुरे झाले, पेढे वाटले. दुसऱ्या आठवड्यात एक शेतकरी विहिरीवरच्या मोटारीच्या कर्जाची फाइल घेऊन आला. कागद पुरे, सातबारा कोरा, जुनी फेड चोख. पूर्वी ही मंजुरी आमच्या मॅनेजरच्या पातळीवर व्हायची. नव्या परिपत्रकात मर्यादा वेगळी, आणि जुनं परिपत्रक मागं घेतलंय असं कुठंच लिहिलेलं नाही. मॅनेजर म्हणाला, वरून कळवतील. जुन्या प्रादेशिक कचेरीला फोन केला तर म्हणाले, आता आमच्याकडे नाही. नवीवाले म्हणाले, अजून आमच्याकडे आलेलं नाही. तो माणूस बाकावर बसून राहिला. शेवटी उठून म्हणाला, "सायेब, पैशाचं ऱ्हाऊ द्या. सही कुणाची लागंल तेवढं सांगा की, मी जातो तिथं."

शाखेत एकालाही ते सांगता आलं नाही. त्यानं आडत्याकडून पैसे उचलले आणि पुढं माल घातला तोही त्याच आडत्याला. मंजुरी आली, पण तोवर त्याला आमची गरज उरली नव्हती.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच. ते 'दूरदृष्टी', 'समन्वय' वगैरे तक्ते असू देत, पण त्याआधी सह्यांची यादी कर. कुठल्या कामाला कुणाची सही, कितीपर्यंत, आणि तो रजेवर असेल तर कुणाची. नुसता हुद्दा लिहू नकोस, माणसाचं नाव लिही. हुद्दे तीन महिने हवेत असतात. आणि ही यादी वरच्या मजल्यावर न ठेवता गिऱ्हाइकासमोर बसणाऱ्या शेवटच्या पोरीच्या हातात दे.

दुसरं, 'दोन्हीकडचं उत्तम ते घेऊ' म्हणून समित्या नेमायच्या बेतात आहेस, ते जपून कर. प्रत्येक समितीत दोन्हीकडचे सारखे लोक बसतात आणि प्रत्येक जण आपलंच उत्तम म्हणतो. 1998 साली डाइमलर-बेंझ आणि क्रायस्लरनं बरोबरीच्या नात्याचा असाच गाजावाजा केला होता. 2007 ला क्रायस्लरचा मोठा हिस्सा विकून जर्मन मोकळे झाले. स्टेट बँकेनं तसा आव आणला नाही. नियम आमचे, असं सरळ सांगितलं. कडू होतं, पण काय गिळायचं ते तरी कळलं. सगळे विलीनीकरणाला लग्न म्हणतात. लग्नात निदान एकमेकांचं घर आधी बघून येता येतं.

पगाराच्या अटी तर आधी मिटव. विस्तारा एअर इंडियात विलीन झाली ती 12 नोव्हेंबर 2024 ला, पण वैमानिक बिथरले ते त्याच वर्षीच्या एप्रिलच्या सुमाराला, नव्या पगारकराराचे कागद हातात पडल्यावर. विमानं धडाधड रद्द झाली. तारखेला सहा-सात महिने होते! त्याच विलीनीकरणात एक गोष्ट मात्र फार हुशारीची केली. विस्ताराच्या विमानांचे नंबर एअर इंडियाचेच दिले, पण 2 नं सुरू होणारे, म्हणजे आपण कुठल्या विमानात बसणार ते प्रवाशाला तिकिटावरच कळावं. जुन्या गिऱ्हाइकाला असली एखादी खूण ठेवता येते का बघ.

इकडे यंदाच 1 मे पासून आपली महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि नागपूरची विदर्भ कोकण ग्रामीण बँक एक झाल्या. 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' या धोरणात देशातल्या 43 ग्रामीण बँकांच्या 28 झाल्या, त्यातलं हे. मुख्य कचेरी छत्रपती संभाजीनगरला, नाव आपलंच राहिलं. आपल्या बँकेची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र, त्यांची बँक ऑफ इंडिया, म्हणजे दोन घराण्यांच्या रीती. तरी आपल्या जिल्ह्यात कुणाला विचार, 'कुठं काय झालंय?' म्हणतील. पाटी तीच, पासबुक तेच. ज्या बाजूचं नाव टिकतं तिला वाटतं, बदलायचं ते समोरच्यांनी. तिकडे गडचिरोलीत किंवा रत्नागिरीत बसलेल्याला विचारलंस तर तो वेगळं सांगेल. वसंता, तू विकत घेतलेल्या बाजूचा आहेस, नाव त्यांचं टिकणार. तुझी खरी झटापट तुझ्या माणसांशी नाही व्हायची. आपल्याला काही शिकायचंच नाही, अशा समजुतीत असलेल्या त्यांच्या माणसांशी व्हायची. त्यांच्यातला एखादा जुना, चिडका पण कामाचा माणूस हेर आणि त्याच्याबरोबर रोज जेवायला बस. हे तुझ्या साहेबांना सांगू नकोस, ते त्यालाही एक तक्ता करतील.

बाकी इकडे ठीक. श्रावणामुळं रामलिंगला मुंगीला शिरायला जागा नाही, माकडांची मात्र चंगळ आहे.

बरं, एक विचारायचं राहिलं. दोन्ही कंपन्यांचे पगार एकाच तारखेला होतात का? तिकडे पंधरवड्याला पगार देतात म्हणे. त्यांचा पंधरवडा आणि तुमचा पंधरवडा एकाच दिवशी सुरू होतो का, तेवढं बघून कळव. नसेल, तर जोडणीच्या त्या एका पगाराला कुणाच्या तरी घरात आठवडाभर पैसा उशिरा पोचणार, आणि तुझ्या तक्त्यात मला तो आठवडा दिसत नाही.

तुझा,
गणपत

ता. क. ते पुढचे तक्ते मोठ्या अक्षरात पाठव. चष्म्याचा नंबर वाढलाय.