‘श्यामची आई’ आणि उधारीची वही

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या कादंबरीवरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला. पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्यालाच लाभले. सोनिवलीतील एका किराणा व्यापाऱ्याने तो शाळकरी वयात पाहिला. वनमालाबाईंची आई पाहून सारे रडत होते, तोही रडला. पुढे कादंबरी वाचताना मात्र तो वेगळ्याच ठिकाणी अडला. सावकाराचा माणूस वसुलीसाठी श्यामच्या घरी येतो आणि नाही नाही ते बोलतो. वाचणारा प्रत्येकजण स्वतःला श्याम समजतो. या मुलाला वाटले, आपले घराणे तर देणाऱ्याचे, म्हणजे त्या माणसाच्या बाजूचे!

आज ते दादाजी आहेत. गेल्या दिवाळीत नातवाने थकबाकीची यादी केली. त्यात काम सुटलेल्या एका कामगाराचेही नाव होते.

“त्याच्या घरी जाऊ नकोस. मुलांसमोर तर नाहीच. दुकानात आला की विचार.”

“दादाजी, पैसे बुडतील.”

“बुडतील कदाचित.” (यापूर्वीही बुडाले आहेत.)

ती रक्कम अजून वहीत आहे. तो गृहस्थ मात्र दुकानावरून ताठ मानेने जातो, आणि नातवाला राग येतो तो त्याचाच.