बख्शी का तालाब : तलाव, देवी आणि रेवडी

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याला लागले, की साधारण २० किलोमीटरवर बख्शी का तालाब येते. बक्षी म्हणजे फौजेचा पगार वाटणारा अधिकारी. नवाबी अमदानीतल्या अशाच एका बक्षीने बांधलेल्या तलावाचे नाव पुढे गावालाच मिळाले. येथून गोमतीकाठच्या चंद्रिकादेवीला जाता येते. अमावास्येला तिथे भाविकांची रीघ लागते.

या वाटेवर हाती लखनौची तिळाची रेवडी असायचीच. मात्र दाताला कॅप असलेल्यांनी ती जपून खावी. सैल झालेली कॅप चिकट रेवडीबरोबर सहज निघून येते. ती टाकून न देता धुऊन डबीत ठेवावी. पुष्कळदा तीच पुन्हा बसवता येते. घरातल्या गोंदाने ती चिकटवण्याच्या फंदात पडू नये. हलणारी कॅप तोंडात ठेवून झोपणे तर धोक्याचेच. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. कॅपखालचा दात तासलेला, नाजूक असतो. म्हणून दुसऱ्या बाजूने चावावे आणि दुखत नसले तरी दोन-चार दिवसांत दंतवैद्य गाठावा. परतीची गाडी लांब असेल, तर लखनौच्या चौक भागात किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठाचा दंतविभाग आहे.

रेवडी मात्र घरच्यांसाठी जरूर बांधून घ्यावी!