बाबांची बरणी

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. भुईगावच्या मंडळींना आधीच सांगून टाकतो, इथे अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर करायला १९७९ पासून केंद्राच्या कायद्याने मुभा आहे, तेव्हा काळजी नसावी!

तर झालं असं. २०२२ च्या मे महिन्यात आईबाबा शिकागोला आले होते. मी तळघरात बिअर बाटल्यांत भरत होतो आणि बाबा स्टुलावर बसून बघत होते. तळाशी उरलेला चिखलासारखा गाळ मी फेकला नाही. उकळून गार केलेलं पाणी त्यात ओतलं, भांडं घुसळलं आणि वीस मिनिटं थांबलो. हॉप्सचा चोथा आणि जड कचरा आधी खाली बसतो, यीस्ट पाण्यात तरंगत राहतं. ते वरचं दुधट पाणी बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवायचं. एक-दोन दिवसांत तळाशी सायीसारखा थर बसतो. पुढची बिअर त्याच्यावर. नव्या पाकिटाचे पैसे वाचतात.

"याला काय म्हणतात?"

"यीस्ट धुणं."

बाबा इतके हसले! "अरे, आमच्याकडे मडकं धूत नाहीत म्हणून ताडी होते, आणि तू धुतोस कसलं?"

खरंच होतं ते. झाडावर बांधलेल्या मडक्यात कालचं जे थोडं चिकटून राहतं, त्यानेच आजचा रस लवकर फसफसतो. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, म्हणजे आंबणं थांबतं. आजी नाताळच्या फुग्यांचं पीठ ताडीतच भिजवायची. आणि खरं सांगायचं तर धुण्याने यीस्ट निर्जंतुक होत नाहीच. बॅक्टेरिया असले तर तेही त्याच दुधट पाण्यातून बरणीत जातात. म्हणून चार-पाच खेपा झाल्या की मी मुकाट्याने नवं पाकीट आणतो.

त्या बरणीवर तारीख बाबांनी घातली. मराठी आकड्यांत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बाबा गेले. त्यानंतर ती बरणी वापरवेना आणि फेकवेना. यीस्टच्या पेशी फ्रिजमध्येही मरत जातात, हे मला पाठ होतं. वरून थर तपकिरी होत चाललेला दिसत होता.

त्या वर्षीच्या डिसेंबरात धीर केला. लिटरभर पाण्यात माल्टचा पातळ काढा उकळला, गार केला, बरणी त्यात रिकामी केली. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी कडेला फेसाची बारीक रेघ! बायकोला वरून हाक मारून बोलावलं.

पुढे आठवड्याने वास घेतला. उन्हं कलल्यावर उरलेल्या ताडीचा येतो तसा, आंबट. यातून बिअर होणार नव्हती.

आईला फोन केला. खरं तर रडवेला झालो होतो.

"फेकू नको हां," ती म्हणाली. "फडकं बांध नि ठेव तशीच. शिरका होईल. आमच्या ताडीचा नाही का व्हायचा?"

मग जरा थांबून म्हणाली, "बरणी धुतलीस?"

"नाही अजून."

"राहू दे."